सेव्ह केलंय, पण कुठे?

जून अर्धा सरला की वऱ्हाडातल्या दारव्ह्यात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी ऑनलाईन अर्जाची साईट सुरू होण्याची. पाऊस आला की बाप पेरणीला लागतो आणि साईट सुरू झाली की पोरगा झेरॉक्सच्या दुकानापुढच्या रांगेला लागतो. दुबार पेरणीचं संकट दोघांनाही चुकत नाही. बापाचं बियाणं उगवत नाही, पोराचा फॉर्म अर्ध्यावर आला की 'सेशन एक्स्पायर्ड' अशी पाटी झळकते आणि आडनावापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्या दुकानात दिवसभर एकच संवाद पात्रं बदलून चालू असतो. "मार्कशीट आहे का?" "आहे नं." "कुठे?" "मोबाईलमध्ये." "मोबाईलमध्ये कुठे?" "सेव्ह केली." "अरे, पण कुठे?" या तिसऱ्या 'कुठे'ला उत्तर नसतं. विद्यार्थी अंगठ्याने पडदा वर सरकवू लागतो. आत्याच्या लग्नातला बँड, विकायला काढलेली बैलजोडी, महादेवाचं स्टेटस, चारशे गुलाबांसह चारशे शुभ सकाळी सरकत जातात, मार्कशीट काही येत नाही. मागची रांग चुळबुळते. शेवटी तो मित्राला फोन लावतो, "माही मार्कशीट पाठव नं बे." पलीकडून उत्तर येतं, "तूच पाठवली होती नं मले, तुह्याच मोबाईलमध्ये असंन." पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाची दहावी अशी हरवलेली असते.

गंमत म्हणजे याच मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत लॅमिनेट केलेलं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असतं आणि त्यावरचे गुण नजर लागावी असे असतात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झालं, पुढच्या वर्षी त्याचा हा संगणक अभ्यासक्रम सुरू झाला आणि आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'एमएस-सीआयटी किंवा समकक्ष' हे शब्द आता जातीच्या दाखल्याइतके सवयीचे झाले आहेत. या अभ्यासक्रमाचे उपकार विसरण्यात अर्थ नाही. तो आला तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून शिरायची पद्धत होती, माउसला हात लावण्याआधी लोक मनातल्या मनात नमस्कार करत. ती भीती त्याने घालवली. दोष आपल्या जुन्या खोडीचा आहे. कागद हातात पडला की विद्या पूर्ण झाली, असं आपण समजतो. विद्या विसरली तरी चालते, कागद तेवढा लॅमिनेट करून घेतो. संगणकाचा जनक कोण, हे रांगेतला कुणीही झोपेत सांगेल : चार्ल्स बॅबेज. बॅबेजचं मोठं यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालं नाही, आणि त्याचं नाव पाठ असणाऱ्यांचा फॉर्म मुदतीत पुरा होत नाही. परीक्षेत त्याचं नाव विचारतात. स्वतःच्या फाईलचं नाव कोणी विचारत नाही.

यावर पहिला आक्षेप पालकांचा असतो आणि तो आक्षेप कमी, कौतुक जास्त असतं. "आजकालच्या पोरांना शिकवावं लागत नाही हो, जन्मतःच येतं." हे कौतुक परदेशातही झालं आहे. मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने २००१ मध्ये या पिढीला 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे या मुलखातलीच मुलं, असं नाव दिलं आणि आपण बाकीचे सगळे स्थलांतरित ठरलो. पण मुलखात जन्मलं म्हणून मुलखातला सातबारा वाचता येतो असं नाही. 'असर'च्या २०२४ च्या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरणारे ७६ टक्के होते आणि अभ्यासाच्या कुठल्याशा कामासाठी वापरणारे ५७ टक्के. हात सरावला आहे, कामाला अजून लागलेला नाही. आणि हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे, असं मानून खाली मान घालायचंही कारण नाही. 'द व्हर्ज' या अमेरिकी संकेतस्थळाने २०२१ मध्ये तिथल्या प्राध्यापकांच्या तक्रारी मांडल्या. मुलं अभियांत्रिकीची, संगणक घरोघरी, आणि "फाईल कुठे ठेवली आहे?" हा प्रश्नच त्यांना कळत नव्हता. म्हणजे तिसऱ्या 'कुठे'ला निरुत्तर होण्यात दारव्हा आणि अमेरिका यांच्यात फरक उरलेला नाही. विकास म्हणतात तो हाच असावा.

कारण साधं आहे. फोनने फडताळ लपवलं. फोटो काढा, तो 'असतो'. कुठे असतो ते विचारायचं नाही, शोधला की दिसतो. पण ज्यांनी फाईल आणि फोल्डर बनवले त्यांच्या डोळ्यांपुढे कचेरीतलं टेबल होतं. १९८१ साली एका अमेरिकी कंपनीने 'स्टार' नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या पडद्यावर कागद, फाईल, फोल्डर, टपालाची पेटी अशी चित्रं होती. त्या कंपनीचं नाव झेरॉक्स. तिने फोल्डर पडद्यावर आणला आणि आपण त्यातली वस्तू शोधायला झेरॉक्सच्याच दुकानात जातो, हा योगायोग की ऋणानुबंध, हे ज्याने त्याने ठरवावं. वास्तविक ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. रुमाल म्हणजेच फोल्डर, फक्त त्याला गाठ मारता येते. त्याहून जवळचं उदाहरण घरातल्या मांडणीवर आहे. आई जिऱ्याच्या डब्यात जिरं आणि मोहरीच्या डब्यात मोहरी ठेवते, म्हणून वीज गेली तरी अंधारात फोडणी होते. तिने सगळं सामान एकाच पोत्यात ओतलं आणि "आहे नं घरात, शोध की सापडतं" म्हटलं, तर त्या घरात वरण संध्याकाळी शिजेल. आपल्या 'डाऊनलोड' नावाच्या फोल्डरमध्ये नेमकं तेच पोतं आहे.

त्या पोत्यात वस्तूंना नावंही नसतात. पोरगं जन्मलं की बारशाला तीन आत्या भांडतात, पण फाईल जन्मली की तिला यंत्र देईल ते नाव चालतं : 'आयएमजी' आणि पुढे अठरा आकडे. ज्याने कधी नाव दिलंच, तो 'प्रोजेक्ट' देतो. मग 'प्रोजेक्ट नवा', 'प्रोजेक्ट फायनल', 'फायनल टू', 'फायनल खरंच' आणि छापायला नेमका पहिला 'प्रोजेक्ट' जातो, ज्याच्या मुखपृष्ठावर ज्या मित्राकडून उतरवला त्याचं नाव शाबूत असतं. नावानंतर वजन. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबीचा लागतो आणि सही १० ते २० केबीची. शिवाय सही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत चालत नाही. हा नियम वाचण्याची वस्तू आहे, हेच पुष्कळांना माहीत नसतं. "दादा, फोटो घेत नाही म्हन्ते." "किती केबीचा आहे?" "पासपोर्ट आहे." "केबी किती?" "काल काढला, ताजा आहे." फोटोचं वजन आणि माणसाचं वजन यांचा संबंध नाही, तरीही पाच एमबीचा फोटो नाकारला गेला की चेहराच नाकारल्यासारखा मुलगा खचतो. मग तो तोच फोटो, त्याच आकाराचा, अधिक जोराने बटण दाबून सहा वेळा पाठवतो. यंत्राला लाल अक्षरांत जे सांगायचं असतं ते पडद्यावर लिहिलेलं असतंच. आपण लाल अक्षर दिसताच वाचत नाही, घाबरतो. इंग्रजीची अडचण खरी आहे, पण ती अर्धीच. मराठीत लिहिलेली 'येथे थुंकू नये' ही पाटी तरी आपण कुठे वाचतो?

ईमेलचं प्रकरण वेगळंच. महाविद्यालयाने मागितला म्हणून ईमेलचा पत्ता काढलेला असतो. तो बहुधा दुकानदाराने काढलेला असतो, त्यामुळे पासवर्ड दुकानदाराच्या वहीत असतो. ज्यांनी स्वतः काढला त्यांच्या पत्त्यात 'किंग', 'वाघ' किंवा 'दिलजले' यांपैकी एक शब्द असतो आणि पाच वर्षांनी मुलाखतीला बोलावणं त्याच पत्त्यावर येतं. पत्र पाठवायची रीत दोन प्रकारची. पहिल्या पंथाचे लोक विषयाच्या रकान्यात अख्खं पत्र लिहितात, 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत. दुसऱ्या पंथाचे काहीच लिहीत नाहीत, नुसती फाईल जोडतात. ती जोडायची राहिली, तर कोऱ्या पत्राला कोरी शांतता जोडलेली जाते. मग सरांना फोन येतो, "सर, मेल केला, पाहिला का?" "त्यात काही नव्हतं." "नव्हतं? थांबा सर, व्हॉट्सअ‍ॅप करतो."

आणि टंकलेखनाचा भोग तर वऱ्हाडच नव्हे, सगळा महाराष्ट्र भोगतो आहे. मुलगा कृतिदेव फॉन्टमध्ये पंचवीस पानी प्रकल्प टंकून घेतो, पेन ड्राइव्हमध्ये घालून महाविद्यालयात नेतो आणि तिथल्या संगणकात कृतिदेव नसतो. मग ज्या जागी 'दारव्हा' लिहिलं होतं तिथे एन, के, जे, मोठा ओ, जी, के अशी सहा इंग्रजी अक्षरं उभी असतात. अख्खं गाव परग्रहावर गेलेलं. "सर, व्हायरस आला." सरही मान हलवतात, "आलाच असेल." व्हायरस नसतो. कृतिदेव हा बहुरूपी आहे. आतून इंग्रजी अक्षर, वरून मराठी सोंग. ज्या संगणकात सोंगाचे कपडे नाहीत तिथे तो उघडा पडतो. युनिकोडमध्ये 'द' हा आतूनही 'द'च असतो, म्हणून तो कुठेही गेला तरी 'द'च राहतो. हे समजायला अर्धा तास पुरतो. पदवीच्या तीन वर्षांत तो अर्धा तास सापडत नाही आणि पंचवीस पानं दोनदा टंकायला मात्र आठवडा सापडतो.

या सगळ्या अज्ञानाचा भार जो एकटा वाहतो, त्या झेरॉक्सवाल्याबद्दल कृतज्ञता बाळगली पाहिजे. दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे धावायची तेव्हा तिच्यावरची मोजकी माणसं सगळी कामं करत. तिकीट तीच फाडत, फाटकही तीच लावत. गाडी थांबली, पण ती परंपरा झेरॉक्सच्या दुकानात जिवंत आहे. तिथला माणूस एकाच वेळी टंकलेखक, छायाचित्रकार, दुभाषा, समुपदेशक आणि पासवर्डांचा खजिनदार असतो. गावातल्या निम्म्या तरुणांचे पासवर्ड एका दोनशे पानी वहीत निळ्या पेनाने लिहिलेले असतात आणि त्यातले बहुतेक सारखेच असतात : मुलाचं नाव, मग १२३. त्याच्या साम्राज्याला शह देतो तो फक्त ओटीपी. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, नंबर असतो वडिलांचा, वडील असतात शेतात, आणि शेतात रेंज असते ती फक्त बांधावरच्या बाभळीखाली. "बाबा, मेसेज आला का?" "हाव, आला नं." "काय आकडा आहे?" "पाच लाख." "पाच लाख?" "लोन देतो म्हन्ते बिनव्याजी." तोवर दहा मिनिटं संपतात. ज्या वडिलांना "ओटीपी कुणाला सांगू नका" असं सगळं जग सांगतं, त्यांनाच पोरगा रानात ओरडून ओटीपी सांगायला लावतो.

आता उरलेले आक्षेप. साईटच नीट चालत नाहीत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. शेवटच्या दिवशी सर्व्हर आडवा पडतो. पण तो शेवटच्याच दिवशी पडतो, कारण पहिले वीस दिवस आपण आडवे असतो. घरी संगणक नाही, हा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. संगणक तर दूरच, त्याच 'असर' पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांमध्ये सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये सुमारे २७ टक्क्यांकडे. भावाचा फोन रिकामा होण्याची वाट पाहणारी मुलगी फाईलला नाव कधी देणार? म्हणूनच महाविद्यालयाची संगणकाची खोली कुलपात ठेवून तपासणी पथक येण्याच्या दिवशी झाडून घेणं हा अपराध आहे. यंत्रांवरची प्लॅस्टिकची खोळ टिकली, एवढंच त्यातून साधतं. शेवटचा आक्षेप सर्वांत ताजा : "आता एआय सगळं करतं, शिकायचं कशाला?" करतं ना. रजेचा अर्ज क्षणात लिहून देतं, भाषा अशी की प्राचार्यांनी रजेसोबत बढतीही द्यावी. फक्त त्या अर्जाखाली चौकटी कंसात 'येथे आपले नाव लिहा' असं असतं आणि अर्ज तसाच्या तसा सादर होतो. एकाच वर्गातल्या अकरा जणांना एकाच दिवशी ताप येतो आणि अकराही जणांचं नाव 'येथे आपले नाव लिहा' असतं. यंत्र हुशार होत गेलं तसं आपलं काम कमी होऊन एकच उरलं, वाचण्याचं, आणि तेच आपण टाळतो.

मुलांना हसताना आपण मोठ्यांनी आरशापुढून बाजूला सरकू नये. ईमेलने आलेलं परिपत्रक छापायचं, त्यावर सही-शिक्का मारायचा, मग ते स्कॅन करायचं आणि पुन्हा ईमेलने पाठवायचं, हा विधी मुलांनी शोधलेला नाही. "सॉफ्ट कॉपी चालेल का?" या प्रश्नाला "चालेल, तीन प्रतींत आणा" असं उत्तर देणारेही आपणच. आपल्यालाही बेरीज एक्सेलच्या रकान्यात लिहिण्याआधी कॅल्क्युलेटरवर करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मुलं आपल्याकडे बघूनच शिकली की संगणक म्हणजे टाइपरायटरची महागडी जात आणि त्याच्याविषयीची सगळी विद्या म्हणजे 'पोराला विचार' किंवा 'दुकानात जा'.

लिहिणं ही सुद्धा एके काळी नवी विद्या होती. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास घातला. ब्रह्म, माया, मोक्ष यांच्याच पंगतीला त्यांनी कागदाभोवती कोरी जागा सोडायची बाबही बसवली, का, तर कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहावं. म्हणजे समासाच्या समासात त्यांनी समास सोडायला शिकवलं. एवढ्या मोठ्या माणसाला हे बारकं काम कमीपणाचं वाटलं नाही, तर आपल्या अभ्यासमंडळांनाही वाटू नये. पदवी देण्याआधी एक तासाची परीक्षा घ्यावी. बॅबेज नाही, व्याख्या नाहीत, पर्याय नाहीत. आपली दहावीची मार्कशीट काढून दाखवायची. तिला नाव आणि वर्ष द्यायचं. दोनशे केबीच्या आत बसवायची. विषयाच्या रकान्यात विषय आणि पत्रात पत्र लिहून ती युनिकोड मराठीत पाठवायची. आणि पडद्यावर लाल अक्षरं आली तर ती मोठ्याने वाचून दाखवायची. एवढं जमलं की तो पदवीधर, मग प्रमाणपत्र लॅमिनेट करो वा न करो. कारण ऑनलाईन अर्जाची मुदत बहुधा शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत असते आणि झेरॉक्सचं दुकान नऊला बंद होतं.